व्यापार परवान्याची नवी पद्धत: व्यापाऱ्यांना कशी पटवून द्यायची?

नपा_जनसंपर्क (प्रश्न)

आमच्या नगरपरिषदेत व्यापार परवाना ऑनलाइन होतोय. आत्तापर्यंत आधी जागेची तपासणी आणि मग परवाना, असं होतं. आता स्वयंघोषणापत्रावर परवाना मिळेल, तपासणी नंतर होईल. कागद 11 वरून 4 वर येतील. गावात साधारण 2,000 दुकानं आहेत. व्यापारी संघाचा सूर असा, की "हे नवीन काय काढलंय?" परवाना विभागातले लिपिकही नाखूश आहेत. पैसा बेताचा, म्हणजे फलक, पत्रकं आणि व्हॉट्सॲप एवढंच. सुरुवात कुठून करावी, आणि नेमकं कुठे फसतं?

खिडकी_क्र_3

सुरुवात परवाना विभागाच्या खिडकीपासून करा. फलक कितीही मोठा लावा, दुकानदार खात्री करायला लिपिकाकडेच येणार. तो "अजून वरून काही आलेलं नाही" म्हणाला की पत्रकं रद्दीत गेली. घोषणेच्या किमान दोन आठवडे आधी लिपिक आणि निरीक्षकांना खऱ्या पोर्टलवर प्रत्येकी पाच-सहा अर्ज भरायला लावा. जिथे अडतील तिथेच दुकानदार अडणार आहे. त्यांचे आक्षेप लेखी घ्या आणि उत्तरंही लेखी द्या. "चुकीच्या घोषणापत्रावर परवाना दिला गेला तर जबाबदार कोण?" ही त्यांची खरी भीती असते. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं एक पानी परिपत्रक काढलं तर नाखुशी बरीच ओसरते.

पत्रक एकाच पानाचं ठेवा. वर्तमानपत्री "व्यवसाय सुलभता" हा शब्द नको, त्यातून दुकानदाराला काहीच कळत नाही. कोणते 7 कागद आता लागणार नाहीत, त्यांची नावं लिहा. उरलेले 4, शुल्क रुपयांत, मुदत दिवसांत. मुदत कधीपासून मोजायची तेही लिहा, कारण सगळी भांडणं तिथेच होतात: अर्ज भरल्यापासून, की शुल्क जमा झाल्यापासून? त्रुटी निघाली तर दिवस पुन्हा शून्यापासून मोजणार का?

लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ही सेवा अधिसूचित असेल तर पदनिर्देशित अधिकारी (सेवा मुदतीत देण्याची जबाबदारी असलेला), मुदत आणि पहिलं अपील कोणाकडे करायचं, हे कार्यालयाच्या फलकावर लावावंच लागतं. तेच पत्रकावर घ्या. "मुदतीत काम झालं नाही तर 30 दिवसांत या अधिकाऱ्याकडे अपील करा" हे एक वाक्य दहा घोषणांपेक्षा जास्त विश्वास देतं.

छापण्याआधी पाच दुकानदारांना वाचायला द्या: किराणा, खानावळ, सलून, हार्डवेअर, मोबाईल दुरुस्ती. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता तुम्ही काय कराल ते सांगा," असं विचारा. जिथे चुकीचं सांगतील ते वाक्य बदला.

जुना_करदाता

वरचं सगळं बरोबर आहे, पण आक्षेप समजुतीचा आहे की रचनेचा, हे आधी पाहा. 2013 मध्ये पुण्यासारख्या शहरांत जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तेव्हा प्रचार होता "जकात नाके बंद". पण नाक्यावर ट्रक खोळंबण्याचा त्रास मुख्यतः वाहतूकदाराचा होता. दुकानदाराच्या वाट्याला महापालिकेची वेगळी नोंदणी, वेगळं विवरणपत्र आणि आणखी एका खात्याची तपासणी आली. "व्हॅटबरोबरच वसूल करा" ही व्यापाऱ्यांची मागणी रचनेबद्दल होती. तिला जाहिरातीने उत्तर देता येत नव्हतं. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीला एलबीटीतून वगळावं लागलं.

तुमच्याकडे हा प्रश्न नंतरच्या तपासणीचा असेल. दुकानदाराला वाटतं, "आधी परवाना देतील आणि मग दंडात अडकवतील." किती दुकानं तपासणार, कशी निवडणार, कोणत्या चुकीला दुरुस्तीची मुदत आणि कोणत्या चुकीला थेट दंड, हे ठरलेलं नसेल तर घोषणा पुढे ढकला. ठरलं असेल तर पत्रकाच्या पहिल्या अर्ध्या पानात घ्या.

गुमास्ता_ते_सूचना

कागदाचं नाव बदलणार असेल तर सावध राहा. राज्याचा 2017 चा दुकाने कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला, तेव्हा 10 पेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी 60 दिवसांत फक्त सूचना द्यायची होती. सवलत खरी होती, पण व्यवहारात सगळे "गुमास्ता"च (जुना दुकान परवाना) मागतात. चालू खातं उघडताना बँकेत पोचपावती ओळखीची नसली की दुकानदार म्हणतो, "जुनंच बरं होतं." नव्या परवान्याचा नमुना आणि क्यूआर कोड कसा तपासायचा याची ओळ गावातल्या सगळ्या बँक शाखांना आधीच पाठवा.

नपा_जनसंपर्क

खूप उपयोगी. परवान्याची कामं करणाऱ्या एजंटांचं काय? त्यांचं उत्पन्न जाणार, तेच विरोध पसरवताहेत.

खिडकी_क्र_3

त्यांना टाळू नका. निम्मे दुकानदार पोर्टल आलं तरी त्यांनाच विचारणार. सेवा केंद्रचालकांसोबत त्यांनाही प्रशिक्षणाला बोलवा. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगा: अर्जात मोबाईल क्रमांक मालकाचाच हवा. एजंट स्वतःचा टाकतात, मग ओटीपी आणि नूतनीकरणाची सूचना मालकापर्यंत पोचतच नाही, आणि खापर पोर्टलवर फुटतं.

बैठका दुपारी 2 ते 4 मध्ये घ्या, बाजाराचा दिवस, दिवाळीआधीचे पंधरा दिवस आणि महिन्याची 20 तारीख (जीएसटी विवरणपत्र) सोडून. प्रत्येक व्हॉट्सॲप संदेशावर तारीख आणि क्रमांक घाला, नाहीतर दुरुस्तीनंतरही जुनाच संदेश फिरत राहतो. फलकावर नेत्यांचे फोटो नकोत. आचारसंहिता लागली की सगळे झाकावे लागतील, आणि ती जागा शुल्काच्या तक्त्याला हवी आहे.

आणि आजच मागच्या वर्षीच्या 100 फायली काढून अर्जाची आवक तारीख आणि परवान्याची तारीख नोंदवून ठेवा. तीन महिन्यांनी व्यापारी संघ "फरक काय पडला?" विचारेल, तेव्हा जुना आकडा हाताशी लागेल. पद्धत बदलल्यावर तो काढायला कोणी बसत नाही.