मदत हवी आहे: धान्य कधीच सडत नाही अशा काल्पनिक राज्यात दुष्काळ कसा पडेल?

नमस्कार मंडळी,

एका कादंबरीवर काम चालू आहे आणि एका जागी गाडी पार अडली आहे. इथे इतिहास, शेती, व्यापार यांत मुरलेली मंडळी आहेत म्हणून विचारते.

जग काल्पनिक आहे, पण भूगोल आपल्यासारखाच. खाली समुद्र आणि मिठागरं, मध्ये उभा घाट, वर कोरडं पठार. पठारावर तटबंदीची राजधानी, वस्ती साधारण एक लाख. तोफा नाहीत, आगगाडी नाही, नौका चालेल अशी नदी नाही. माल जातो तो बैलांच्या पाठीवरून, आणि पावसाळ्यात घाट बंद.

आपल्या जगात नसलेली गोष्ट त्यात एकच आहे. 'राखणे' नावाची काही घराणी आहेत, ती धान्याच्या पेवाला, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठाराला, 'बांध' घालतात. बांध घातलेल्या पेवातली ज्वारी कितीही वर्षांनी काढा, काल मळल्यासारखी निघते. कीड नाही, बुरशी नाही, उंदीर नाही. बाकी कुठलीही जादू नाही.

कथेचा कणा असा: सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नाही, राजधानीत माणसं उपाशी मरतायत, आणि राखण्यांच्या घरातली एक मुलगी हुकूम मोडून सरकारी पेव उघडते. मैत्रिणीने कच्चा खर्डा वाचून सरळ विचारलं, "धान्य सडतच नसेल तर शंभर वर्षांची साठवण असेल की. दुष्काळ पडेलच कसा?" मला उत्तर देता आलं नाही. 'राजा दुष्ट होता' हे उत्तर मला नको आहे. दुष्ट राजा कुठल्याही गोष्टीत चालतो, त्यासाठी पेवं आणि राखणे कशाला हवेत? उपासमार याच जगाच्या व्यवहारातून यायला हवी.

जोडीला दोन लहान प्रश्न. किनाऱ्यावरून मीठ आणि तांदूळ घेऊन तांडा घाट चढतो असा मोठा प्रसंग आहे, तो पटण्यासारखा आहे का? आणि नाणी मी अशी ठरवली आहेत: एका मोहरेचे शंभर रुपये, एका रुपयाचे शंभर पैसे. चालेल?

प्रतिसाद : घाटवाट

तांड्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातून सुटेल.

पाठीवर माल लादलेला बैल शंभर-सव्वाशे किलो नेतो. हिशोबाला शंभर धरा. माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य, म्हणजे वर्षाला सुमारे १८० किलो. तुमच्या एक लाखाच्या शहराला वर्षाला १८,००० टन धान्य लागतं, म्हणजे १,८०,००० बैलांचं ओझं. घाट आठ महिने उघडा धरला तर रोज साडेसातशे बैल वर चढायला हवेत, एकही दिवस न चुकता. तेवढेच खाली उतरतायत. त्यांना पाणी आणि चारा त्याच वाटेवर हवा. एका घाटवाटेला हे झेपणार नाही.

आता मीठ बघा. माणशी दिवसाला दहा ग्रॅम धरलं तरी शहराला वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास बैल पुरतात. म्हणून मीठ शेकडो कोस जातं आणि धान्य आसपासचंच खावं लागतं. तुमच्या तांड्यातून तांदूळ काढून टाका, किंवा फक्त श्रीमंतांच्या ताटापुरता ठेवा. मीठ, सुकी मासळी, खोबरं, सुपारी वर येईल; खाली कापड, कातडी, गूळ जाईल.

मग शहर जेवतं कशावर? कोरडवाहू ज्वारी एकरी दोन क्विंटल धरा. शेतकऱ्याच्या घरचं खाणं, बियाणं, गावच्या कारागिरांचं बलुतं वजा जाऊन पाचवा हिस्सा शहरात येतो असं माना. मग साडेचार लाख एकर लागवड लागते. शहराभोवती पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढलंत तर तेवढी जमीन बसते, तीही सगळी कसलेली असेल तर. माळ, डोंगर, पडीक धरून वर्तुळ पस्तीस-चाळीस किलोमीटरवर जातं. या वर्तुळात पाऊस नाही म्हणजे शहराला धान्य नाही. किनाऱ्यावर तांदळाच्या राशी पडल्या असल्या तरी त्या वर येऊ शकत नाहीत. तुमच्या दुष्काळाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

तांडा रंगवताना एक लक्षात असू द्या. वंजारी-लमाण तांडे स्वस्त पडत ते संथ चालत म्हणून. बैल वाटेत चरत जात, विकतचा चारा नसे. १७व्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पण दुष्काळात गवतच नसतं, म्हणजे धान्याची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच तांडा चालू शकत नाही. हा प्रसंग कादंबरीत आणाच.

प्रतिसाद : जुनी नाणी

नाण्यांना शंभराचा पाढा नको. धातूंचे भाव एकमेकांच्या तुलनेत बदलत राहतात. अकबराच्या काळात चांदीच्या रुपयाला तांब्याचे ४० दाम धरत. पुढे औरंगजेबाच्या काळात तांबं महागलं तसे रुपयाला मिळणारे दाम घटले. ज्याची मजुरी तांब्यात आणि शेतसारा रुपयात, त्याच्या घरी या घटबढीचे परिणाम दिसतात.

पेशवाईत तर रुपयेच अनेक. अंकुशी, चांदवडी, मलकापुरी असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि एक देऊन दुसरा घेताना बट्टा पडे, म्हणजे काही रक्कम कापली जाई. पोतदार नाणं पारखून घेई. तुमच्या नायिकेकडे भलत्या टांकसाळीचा रुपया असू द्या आणि सराफाच्या पेढीवर तिला त्याचे किती कमी मिळतात ते दाखवा. एवढ्या एका प्रसंगात राज्याचा आवाका कळून जातो. मोठ्या रकमा मात्र हुंडीने हलवा.

मिठाबद्दलही सांगतो. शिवाजी महाराजांचं १६७१ सालचं कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र मिळवून वाचा. गोव्यात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून येणारं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे स्वराज्यातल्या मिठाचा खप मारला जाणार होता. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला त्यात सांगितलंय. कुठलं मीठ कोणत्या घाटाने जातं यावर राज्यकर्ता इतका बारीक विचार करत होता. तुमच्या कथेतल्या राजाच्या तोंडी असं एखादं फर्मान घातलंत तर तो खरा वाटेल.

प्रतिसाद : कोरडवाहू

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक दडलंय: धान्य आहे म्हणजे ते पोटात जातं. तसं होत नाही. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच मांडलं. त्यांच्या मते धान्याची एकूण तूट एवढी नव्हती की तेवढ्यानेच इतकी माणसं मरावीत. भाव चढले, मजुरी चढली नाही, आणि शेतमजूर, मच्छीमार, नावाडी, कारागीर बाजारातून बाहेर फेकले गेले.

तेव्हा आधी ठरवा की तुमच्या राज्यात धान्य विकत कोण घेतं आणि हक्काने कोणाला मिळतं. बलुत्याची पद्धत असेल तर सुतार-लोहार-कुंभाराला खळ्यावर वाटा मिळतो. पण खळंच भरलं नाही तर वाटा कशाचा? शेतकऱ्याच्या कणगीत गेल्या वर्षीचे दाणे असतील, बलुतेदाराच्या घरी बहुधा नसतील. शहरातला विणकर त्याच्याही आधी बुडतो, कारण पोट आवळायची वेळ आली की लोक पहिल्यांदा कापड घेणं थांबवतात. त्याच्या हातचं काम जातं आणि त्याच महिन्यात ज्वारी दुप्पट होते. पहिला मृत्यू विणकर आळीत दाखवा.

आता बांधाकडे येतो. मला ही कल्पना फार आवडली आहे आणि तिच्यात तुम्ही वापरलंय त्याहून बरंच काही आहे. धान्य नासतं म्हणून सावकारालाही ते कधी ना कधी बाहेर काढावं लागतं. नासणं थांबलं की ती सक्ती संपली. बांधलेली ज्वारी सोन्यासारखी झाली. कोणी ती काढणार नाही, फक्त तिच्यावर हक्क सांगेल. मग पेवाची चिठ्ठी निघेल: 'अमुक पेवात धारकाची दहा खंडी ज्वारी.' ती चिठ्ठी हातोहात फिरेल. सैनिकांचा पगार चिठ्ठीत, मुलीचं लग्न चिठ्ठीवर.

हे मी कल्पनेने रचत नाही. ग्रीक राजांच्या काळातल्या इजिप्तमध्ये सरकारी कोठारात धान्य जमा असे आणि नुसत्या लेखी आदेशाने ते एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाई. जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमा बाजारात सरदारांच्या कोठारांवरच्या तांदळाच्या चिठ्ठ्यांचा व्यापार चाले. १७३० मध्ये त्या बाजाराला सरकारी मान्यता मिळाली. आणि पैशाची नड असलेले सरदार कोठारात असलेल्या तांदळापेक्षा जास्त चिठ्ठ्या काढत.

तुमचा दुष्काळ इथे आहे. एक नियम घाला: पेव उघडलं की बांध मोडतो आणि पुन्हा घालायला राखण्यांना बरेच महिने लागतात. म्हणजे आत किती आहे हे कोणी उघडून बघणार नाही. पिढ्यानपिढ्या चिठ्ठ्या निघत राहतील. प्रत्येक राजाने थोड्या जास्त काढल्या, प्रत्येकाला वाटलं सुगीनंतर भरून काढू. पहिल्या दुष्काळात कोणी पेव उघडत नाही कारण भाव अजून चढेल. दुसऱ्यात सरकार उघडू देत नाही, कारण सगळे चिठ्ठ्या घेऊन आले तर पुरणार नाही हे चार कारकुनांना ठाऊक आहे. तिसऱ्या वर्षी माणसं चिठ्ठी मुठीत धरून मरतात. यात दुष्ट कोणीच लागत नाही.

प्रतिसाद : धागाकर्ती

कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतेय. उघडल्यावर बांध मोडतो हा नियम घेतला. घाटवाट, तांदूळ काढला. गवताअभावी रानात अडकलेला तांडा आता स्वतंत्र प्रकरण होणार.

मग आता खरा पेच. मुलगी पेव उघडते तेव्हा काय होतं? मी लिहिलं होतं की लोक जेवतात आणि जयजयकार होतो. ते आता खोटं वाटतंय.

प्रतिसाद : कोरडवाहू

जेवतात, ते खोटं नाही. पेव मोठं असेल तर काही हजार माणसं तगतील आणि त्यासाठी तिने ते उघडावंच. पण त्याच दिवशी चिठ्ठ्यांचं मोल जातं. पगाराच्या चिठ्ठ्या घेतलेले शिपाई दुसऱ्या सकाळी पहाऱ्यावर येतील का? ज्या विधवेने सगळी पुंजी चिठ्ठ्यांत ठेवली ती तिला दुवा देईल की शिव्या? उलट ज्यांचं कर्ज चिठ्ठ्यांत लिहिलंय ते एका दिवसात मोकळे होतात. म्हणजे गावातली कुळं तिच्या बाजूने आणि शहरातले लहान पेढीवाले विरुद्ध. तिला दोन्हीकडे ओळखीचे चेहरे असू द्या.

पेव उघडण्याचा प्रसंग घाईत उरकू नका. तोंडावरची फरशी काढली, माती उकरली, की लगेच आत उतरत नाहीत. बंद पेवात कोंदलेली हवा जीव घेते. काही वेळ उघडं ठेवतात, दिवा सोडून बघतात, तो तेवत राहिला तरच माणूस उतरतो. बाहेर भुकेली गर्दी आणि ही मुलगी त्यांना थांबा म्हणतेय. मग मोजणी. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. किती मापांनंतर भुसा लागतो ते तुम्ही ठरवा.

प्रतिसाद : घाटवाट

एक भर. शेवटी पाऊस पडला तरी दुष्काळ संपत नाही. बैल मेलेत, बियाणं खाऊन झालंय, आणि पेरणीपासून सुगीपर्यंत चार-पाच महिने काढायचेत. उघडलेल्या पेवातली ज्वारी खायला द्यायची की बियाण्याला राखायची, हा निर्णय त्या मुलीवर येऊ द्या.

प्रतिसाद : धागाकर्ती

शेवटच्या भागात पाऊस आणि नांगरणी होती, ती बदलते. बियाणं आणि खाणं यांच्या वाटणीवरून गावसभा घालते आहे. त्यासाठी अजून एक विचारायचं आहे: कोरडवाहू ज्वारीला एकरी बियाणं किती लागतं, आणि बैल नसतील तर माणसांनी जू ओढून दिवसाला किती रान होईल? कोणी जुन्या माणसांकडून ऐकलं असेल तर कृपया लिहा. खंडी, मण, पायली ही मापं गावागणिक बदलत, तेव्हा कुठल्या भागातली माहिती तेही सांगा.