चर्चा: इंटरप्टवरून रॅन्डम आकडे काढणं पुरे करावं का?

बूटलोडर:
थेट मत मांडतो. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांचे इंटरप्ट (‘माझ्याकडे बघ’ म्हणून प्रोसेसरला मारलेल्या हाका) नेमके कधी आले ते टिपायचं, त्या वेळा एका पूलमध्ये (साठ्यात) घुसळायच्या आणि त्यातून एन्क्रिप्शनच्या कीसाठी आकडे काढायचे, ही लिनक्सची १९९४ पासूनची रीत. थिओडोर त्सो यांनी ती आणली तेव्हा दुसरं होतं काय? आता प्रोसेसरमध्येच आरडीरँड, म्हणजे रॅन्डम आकडे देणारी सूचना आहे. २०१९ चा सप्टेंबर आठवा. लिनक्सच्या ५.३ कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) तयारीत ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम सुधारली, बूट होताना डिस्कचं वाचन घटलं, इंटरप्ट घटले, एन्ट्रॉपी (आकड्यांचा अंदाज किती अवघड याचं बिटमधलं माप) भरेना, गेटरँडम (प्रोग्रॅमला रॅन्डम आकडे देणारा कर्नलचा कॉल) अडून बसला आणि काही मशीनवर लॉगिनची स्क्रीनच येईना. फाइल सिस्टिम सुधारली म्हणून बूट अडकतं! लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी शेवटी ती सुधारणाच मागे घेतली.

तात्या_कर्नल:
खापर भलत्याच्याच डोक्यावर फोडताय. घोळ मोजणीचा होता. तेव्हाचा हिशेब असा: ६४ इंटरप्ट जमले किंवा एक सेकंद उलटला की पदरात १ बिट, आणि हवेत १२८. एवढा चिक्कूपणा केल्यावर वाट बघावी लागणारच. म्हणून ५.४ मध्ये, एन्ट्रॉपी कमी पडली तर टायमर आणि सायकल काउंटरच्या (प्रोसेसरचे ठोके मोजणाऱ्याच्या) जिटरमधून, म्हणजे वेळेतल्या बारीक चढउतारातून, ती तिथल्या तिथे तयार करायची सोय झाली.
एकट्या आरडीरँडवर भिस्त ठेवायची तर बंद चिपच्या आत काय चाललंय ते कोण तपासणार? २०१३ मध्ये स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर संस्थेची पाळत उघड केल्यानंतर हीच शंका घेतली गेली. सगळे स्रोत एकत्र घुसळले की एखादा नासका निघाला तरी बाकीच्यांचं काम वाया जात नाही.

राउटरवाली:
तुम्ही दोघं लॅपटॉपवरच बोलताय. जुन्या एमआयपीएस जातीच्या प्रोसेसरवरच्या राउटरमध्ये आरडीरँड नाही, कीबोर्ड नाही, डिस्क नाही, काहींत तर सायकल काउंटरही नाही. आणि एसएसएचची (दूरच्या यंत्रात सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीची) की तयार होते ती पहिल्याच बूटला, पूल रिकामा असताना.
२०१२ च्या संशोधनात हेनिंगर, दुरुमेरिक, वुस्ट्रो आणि हाल्डरमन यांनी इंटरनेटवरच्या पब्लिक की गोळा केल्या आणि त्यांचे मसावि काढले. शाळेतला मसावि! अशी की दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. दोन उपकरणांना पहिली मूळ संख्या सारखीच मिळालेली, दुसरी वेगळी; मसावि काढला की दोघांच्याही प्रायव्हेट की उघड्या. टीएलएस (वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीची पद्धत) वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५ टक्के अशी सापडली.

तात्या_कर्नल:
बरोबर, पण ताई, त्यावरचा इलाज काय झाला? आधी ज्या ड्रायव्हरने खूण केली असेल त्याचेच इंटरप्ट धरायचे. त्याच वर्षी, ३.६ पासून, सरसकट सगळे धरायला लागले. म्हणजे इंटरप्ट वाढवले!

बूटलोडर:
आणि नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट? मीच पॅकेट पाठवतोय तर ते कधी पोचणार हे मला ठाऊकच.

तात्या_कर्नल:
मिलिसेकंदापर्यंत असेल ठाऊक. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर एका मिलिसेकंदात ३० लाख सायकल होतात. त्यातली नेमकी कुठली, सांगा.

राउटरवाली:
आणि सायकल काउंटर नसेल तिथे? वेळ मोजायला फक्त २५० हर्ट्झचा टिक, ४ मिलिसेकंदांचा. तिथे बूटलोडर जिंकतात. कारखान्यातच प्रत्येक नगात वेगळं सीड (पूलची सुरुवात करणारा गुप्त आकडा) टाकावं, आणि ते प्रत्येक बूटला बदलत राहावं. यावर वाद कशाला?

बूटलोडर:
व्हर्च्युअल मशीनचंही तेच. एकच स्नॅपशॉट (मशीनची जशीच्या तशी जतन केलेली प्रत) दोनदा उघडला की दोन्हीकडे तोच पूल. २०२२ मध्ये ५.१८ कर्नलला व्हीएमजेनआयडी ही सोय आणावी लागली. हायपरवायझरच (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) नवा आयडी देतो आणि कर्नल सीड बदलतो. इंटरप्ट मोजत बसले असते तर?

तात्या_कर्नल:
आयडी बदलल्याची खबर एसीपीआय (हार्डवेअर आणि कर्नल यांच्यातला दुवा) कशाने देतं, तेही बघून घ्या: इंटरप्टनेच :)