एजंटच्या मेसेज डिलीट टूलचं वर्णन कसं लिहायचं?

प्रश्न: आमच्या स्लॅकवरच्या (ऑफिस चॅट अ‍ॅप) एआय एजंटला डिलीटचं टूल दिलंय, वर्णनात नुसतं 'मेसेज डिलीट करतं' एवढंच, आणि हा बिनधास्त कोणाचेही मेसेज उडवायला जातो, एरर आला की परत तेच. नेमकं काय लिहू?

उत्तर १: मर्यादा पहिल्याच ओळीत टाका. बॉट टोकनने (बॉटला स्लॅकमध्ये शिरायला दिलेली किल्ली) फक्त त्या बॉटने टाकलेलेच मेसेज उडतात, बाकीच्यांवर 'कान्ट डिलीट मेसेज' येतो, तो आला की पुन्हा ट्राय न करता माणसाला कळव, हेही लिहा. न सांगता त्याला कळत नाही हो. चॅनलचा आयडी लागतो, नाव चालत नाही.

उत्तर २: टीएस (मेसेजचा टाइमस्टॅम्प, त्यावरूनच मेसेज ओळखला जातो) स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणूनच हवा हे ठळक लिहा. १५०३४३५९५६.०००१०० हा नंबर म्हणून गेला की शेवटची शून्यं गळतात आणि 'मेसेज नॉट फाउंड' एरर येतो, मग बसा शोधत. शेड्यूल केलेले मेसेज उडवायची स्लॅकची मेथड (कमांड) वेगळी आहे, तेही लिहा.

प्रश्नकर्ता: टायपोसाठीही डिलीटच करतोय तो 😅

उत्तर १: मग 'दुरुस्तीसाठी अपडेट वापर' असं त्याच वर्णनात घाला. आणि थ्रेडचा पहिला मेसेज उडवला तरी खालचे रिप्लाय तसेच लटकत राहतात, तिथे तर आधी विचारायलाच लावा.