‘ॲब्लेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : वडिलांना (वय ७२) एट्रियल फायब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल होण्याचा विकार, आहे. औषधांनी ठोके ताळ्यावर येईनात, म्हणून डॉक्टरांनी ॲब्लेशन सुचवलं. तापवून, गोठवून आणि आता नवं पल्स्ड फील्ड, असे तीन प्रकार सांगितले. घरी मी ‘हृदयाचा थोडा भाग जाळतात’ असं सांगून बसले आणि ते रात्रभर झोपले नाहीत. घाबरवणार नाही, पण खोटाही नसेल, असा शब्द सुचवाल का?

उत्तर : या शब्दात मुळात जाळणं नाहीच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दूर नेणं, काढून घेणं’. लॅटिन व्याकरणातली ‘ॲब्लेटिव्ह’ विभक्ती त्याच धातूची, आणि गंमत म्हणजे आपल्या पंचमीच्या ‘अपादान’ या नावाचा अर्थही काढून घेणंच. हिमनदीचा बर्फ वितळून घटतो, त्यालाही ॲब्लेशन म्हणतात. जाळण्याचा अर्थ चिकटला तो रेडिओफ्रिक्वेन्सी या तापवण्याच्या पद्धतीमुळे, कारण तिथे पेशी तापवून मारतात.

क्रायोमध्ये, म्हणजे गोठवण्याच्या पद्धतीत, नायट्रस ऑक्साइडने थंड केलेला फुगा हृदयात येणाऱ्या शिरेच्या तोंडाशी टेकवतात. या दोन्हींना ‘करपवणे’ चालेल. कडाक्याच्या थंडीत पीकही करपतंच. पल्स्ड फील्डला मात्र ते चालत नाही. तिथे काही मायक्रोसेकंदांचे विजेचे स्पंद पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात आणि पेशी मरते. मारणारी गोष्ट उष्णता नव्हे.

आणखी एक मत : सुश्रुताचं ‘अग्निकर्म’ आहेच की. नाहीतर सरळ ‘निकामी करणे’ म्हणा.

उत्तर : अग्निकर्मात पुन्हा आग आली. आणि ‘निकामी’ तर नकोच. ‘हृदय निकामी होणे’ हे आपण हार्ट फेल्युअरसाठी वापरतो. रुग्णाच्या कानावर तेवढंच पडेल.

आणखी एक मत : मी डॉक्टर नाही, वनखात्यात नोकरी केली. आम्ही उन्हाळ्याआधी ‘जाळरेषा’ काढायचो. गवताचा पट्टा जाळून किंवा कापून मोकळा करायचा, म्हणजे वणवा आला तरी पलीकडे जात नाही. तुमच्या वर्णनावरून तेच वाटतं.

उत्तर : अगदी तेच! १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल ऐसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या विकाराच्या ठिणग्या बहुतेकदा फुप्फुसाकडून डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) येणाऱ्या शिरांमधून पडतात. म्हणून शिरेच्या तोंडाभोवती मृत पेशींचं कडं तयार करतात. ठिणगी पडली तरी विजेची लाट कडं ओलांडत नाही. पट्टा जाळला की कापला हे गौण, तसंच इथे तापवलं, गोठवलं की स्पंद दिले हे गौण. शब्द ‘ॲब्लेशन’च ठेवा आणि बाबांना जाळरेषा सांगा. ‘हृदयाचा भाग जाळतात’ यापेक्षा ते खरंही आहे.

प्रश्नकर्ती : खूप आभार, हे बाबांना पटेल. पण साधन गौण असेल तर नव्याचा एवढा गवगवा का?

उत्तर : शेजारामुळे. अलिंदाला मागून अन्ननलिका चिकटून असते आणि जवळून श्वासपटलाची नस जाते. उष्णतेची झळ अन्ननलिकेला लागू शकते, गारठ्याने नस दुखावू शकते. हृदयाच्या स्नायुपेशी विद्युतस्पंदांना लवकर बळी पडतात, शेजारी बरेचसे वाचतात. परिणामात मात्र मोठी उडी नाही. २०२३ च्या ॲडव्हेंट चाचणीत वर्षाअखेर पल्स्ड फील्डचं यश ७३.३ टक्के होतं, जुन्या उष्ण-शीत पद्धतींचं ७१.३. म्हणून ‘अधिक गुणकारी’ हे विशेषण मी लावणार नाही. शिवाय त्याचे स्वतःचे धोके आहेत : लाल रक्तपेशी फुटणं, हृदयधमनी आकसणं. आणि यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या डॉक्टरांचा हात किती बसलेला आहे, हे आधी विचारा.

‘पल्स’चं भाषांतर जपून करा. ‘विजेचे झटके’ म्हटलं की हृदयविकाराचा झटका आठवतो, ‘ठोके’ म्हटलं की नाडी. मी ‘क्षणिक विद्युतस्पंद’ म्हणतो.

प्रश्नकर्ती : आणि फायब्रिलेशन? मी ‘फडफड’ म्हणत होते.

उत्तर : फडफड फ्लटरला ठेवा. तो वेगळा विकार आहे आणि त्याला लय असते. हिला ‘थरथर’ म्हणा.