सीए ऑफिसमध्ये मॅच सुरू झाली की नेट बसतं, स्ट्रीमिंगला लिमिट कशी लावायची?

सांगलीची_अकाउंटंट

नमस्कार मंडळी. आमचं सांगलीत सीएचं ऑफिस आहे, आर्टिकलची पोरं धरून पंचविसेक माणसं. लोकल केबलवाल्याची फायबर लाइन, प्लॅन १०० एमबीपीएसचा. टॅली क्लाउड सर्व्हरवर आहे, सगळे रिमोट डेस्कटॉपनं त्यात काम करतात. एप्रिलमध्ये मरणाचं काम असतं, एकीकडे बँक ऑडिट, त्यात २० तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न, म्हणजे रात्री नऊपर्यंत ऑफिस उघडंच, आणि नेमकी साडेसातला आयपीएलची मॅच. सर सातला घरी जातात, ते गेले की पोरं मोबाइल टेबलावर उभे करून मॅच लावतात आणि टॅलीत एक आकडा टाइप केला की दोन सेकंदांनी स्क्रीनवर उमटतो.

सर म्हणतात बंदच करून टाक सगळं. राउटर मायक्रोटिकचा हेक्स आहे, बसवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, पासवर्ड तेवढा माझ्याकडे आहे आणि कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं म्हणून हे काम माझ्या गळ्यात. राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधतं ते) हॉटस्टार नि यूट्यूब ब्लॉक करून बघितलं, पोरांनी लगेच मोबाइलमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावून घेतलं, म्हणजे पत्ता राउटरला न विचारता बाहेरूनच. आणि यूट्यूब बंद झाल्यावर मॅडमच ओरडल्या, कारण त्यांचे जीएसटीचे वेबिनार तिथंच असतात. पूर्ण बंद न करता नुसती लिमिट लावता येते का?

केबल_क्रिंपर

ताई, पोरांना फाशी द्यायच्या आधी मोजून तरी बघा. फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, ७२० ला अडीच, दहा पोरांनी मॅच लावली तरी ५० च्या वर जाणं अवघड आहे. १०० ची लाइन तेवढ्यानं बसायला नको, म्हणजे एकतर केबलवाला संध्याकाळी १०० देत नाही किंवा घोळ अपलोडमध्ये आहे. अपलोड भरलं की डाउनलोडही अडतं, कारण आलेल्या पॅकेटची पोच त्याच अपलोडच्या रांगेत उभी राहते. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, सगळे डाउनलोडचाच स्पीड टेस्ट मारत बसतात.

असं करा, मॅचच्या वेळी एका पीसीवरून दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा, एक राउटरला आणि एक गूगलच्या ८.८.८.८ ला. राउटरचाच पिंग उड्या मारत असेल तर वायफायचा प्रॉब्लेम. राउटरचा १-२ मिलिसेकंद आणि बाहेरचा २० वरून ३००-४०० ला गेला तर लाइन भरतीये. मग विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकचं सेटिंग करायचं सॉफ्टवेअर) टूल्स, टॉर्च उघडा, इंटरफेस ब्रिज निवडा, कोणता आयपी, म्हणजे कोणतं यंत्र, किती खातोय ते समोर दिसतं.

फायरवॉल_काका

एवढी सरबराई कशाला? ऑफिस कामासाठी असतं. यूडीपी ४४३ ड्रॉप करा म्हणजे क्विक (व्हिडिओवाले वापरतात तो प्रोटोकॉल) बंद पडेल, अ‍ॅप झक मारत टीसीपीवर येईल, मग टीएलएस-होस्टचा (साइटचं नाव बघून अडवणारा) रूल लावून व्हिडिओवाले डोमेन ड्रॉप. आमच्या फॅक्टरीत असंच आहे, एकाची हिंमत नाही.

रांगेतला_माणूस

काका, तुमच्या रूलनं मॅडमचा वेबिनारही जाणार की, यूट्यूबची मॅच आणि यूट्यूबचं लेक्चर दोन्ही एकाच गूगलव्हिडिओ डोमेनवरून येतात, राउटरला त्यात काही फरक कळत नाही. आणि हॉटस्टारसारख्यांचे डोमेन बदलत राहतात, दर सीझनला यादी नव्यानं करायची. फॅक्टरीत जमतं कारण तिथं मोबाइल गेटवरच जमा होतात.

ताई, तुम्ही म्हणताय तसं लिमिटच बरोबर आहे, फक्त ती स्ट्रीमिंगवर लावू नका, माणसावर लावा. पंगतीत वाढपी कसा प्रत्येकाच्या पानात थोडंथोडं वाढत पुढं जातो, एकालाच पातेलं देत नाही, तसं राउटरला करायला सांगायचं. मायक्रोटिकमध्ये त्याला पीसीक्यू म्हणतात. सिंपल क्यूमध्ये (क्यू म्हणजे पॅकेटची रांग) टार्गेट म्हणून ऑफिसची रेंज द्या, तिथं डिफॉल्ट बदललं नसेल तर १९२.१६८.८८.०/२४ असेल, आणि क्यू टाइपमध्ये अपलोडला पीसीक्यू-अपलोड-डिफॉल्ट, डाउनलोडला पीसीक्यू-डाउनलोड-डिफॉल्ट. पीसीक्यू रेट शून्य ठेवला की जेवढे लोक वापरतायत त्यांच्यात समान वाटणी होते, आणि कुणीच वापरत नसेल तर एकट्याला पूर्ण लाइन मिळते. वाट्याला कमी आलं की हॉटस्टार, यूट्यूब आपोआप क्वालिटी खाली आणतात, मोबाइलच्या स्क्रीनवर ४८० पी नि ७२० पी मधला फरक पोरांना कळणारपण नाही, भांडण नाही तंटा नाही.

मॅक्स लिमिट मात्र लाइनच्या थोडी खाली ठेवा, खऱ्या स्पीडच्या ९० टक्के वगैरे. खऱ्या म्हणजे प्लॅनच्या नाही, संध्याकाळी आठला मोजलेल्या. कारण रांग केबलवाल्याच्या डब्यात लागली तर तिथं आपलं काही चालत नाही, ती आपल्या राउटरमध्ये लागायला पाहिजे, मग आत कुणाला आधी सोडायचं ते आपण ठरवतो.

आता जिथं सगळे अडकतात ते. मायक्रोटिकच्या डिफॉल्ट फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा रूल असतो, तो पॅकेट क्यूला बायपास करून पाठवतो. तो चालू असेल तर क्यू कितीही सुंदर बनवा, काउंटर हलणारसुद्धा नाही. फायरवॉल फिल्टरमध्ये जाऊन तो डिसेबल करा आणि राउटर एकदा रीस्टार्ट करा, नाहीतर जुनी कनेक्शनं तशीच फास्टट्रॅकवर चालू राहतात. हेक्सचा प्रोसेसर १०० एमबीपीएसला पुरतो, काळजी नको.

टॅलीला आणखी जपायचं असेल तर एक पेरंट क्यू करून त्यात दोन पोटक्यू करा. पहिल्यात डेस्टिनेशन म्हणून टॅली सर्व्हरचा आयपी, लिमिट-अ‍ॅट २० एमबीपीएस (एवढा स्पीड त्याला राखीव), प्रायॉरिटी १ (सगळ्यात आधीचा नंबर). दुसऱ्यात बाकी सगळं पीसीक्यूनं. पहिली वरच ठेवा, सिंपल क्यू वरून खाली वाचल्या जातात.

सांगलीची_अकाउंटंट

काल मॅचच्या वेळी टॉर्च लावून बसले. डाउनलोड ४० च्या आसपासच होतं. पण अपलोड ३० ला चिकटलेलं, आणि आमचं अपलोड मोजलं तर मिळतंच मुळी ३०. ते सगळं जातंय सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवरून (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा डबा).

मग कळलं. सर सातला घरी जातात आणि पोरं काम करतायत का बघायला घरच्या लॅपटॉपवर आठही कॅमेरे एचडीत लावून ठेवतात 🙈

दुसरं म्हणजे टॉर्चमध्ये मोबाइल वेगवेगळे दिसतच नाहीत, सगळं एकाच आयपीवर दिसतं. असं का?

केबल_क्रिंपर

हाहाहा, सगळ्यात मोठे स्ट्रीमर सरच निघाले. आठ कॅमेरे, एकेकाची मेन स्ट्रीम (पूर्ण क्वालिटीचं चित्र) ४ एमबीपीएसची धरली तरी ३२ झाले, हिशेब जुळला.

मोबाइलचं सांगतो, तुमचा वायफायचा डबा घरगुती राउटर असणार आणि मायक्रोटिकची वायर त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट घालायचं भोक) घातलेली असणार. तो आतल्या सगळ्यांना स्वतःच्या एका आयपीमागं लपवतो. ती वायर लॅन पोर्टात घाला आणि त्या डब्याचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा, किंवा त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा.

फायरवॉल_काका

ते राहू द्या की तसंच. पीसीक्यूला तो डबा म्हणजे एकच माणूस, सगळ्या मोबाइलना मिळून एकच वाटा, फुकटात लिमिट लागली.

रांगेतला_माणूस

आयडिया वाईट नाही, पण सर-मॅडमचे लॅपटॉप वायफायवर असतील तर तेही त्याच एका वाट्यात येतील आणि मॅडमचा वेबिनार परत अडकेल. वायर बदलाच.

डीव्हीआरला वेगळी सिंपल क्यू द्या, अपलोड ५ एमबीपीएस, आणि ती सगळ्यात वर. फक्त क्यू लावायच्या आधी सरांच्या लॅपटॉपवर सब-स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं हलक्या क्वालिटीचं चित्र) करून घ्या, ती अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास असते, आठ कॅमेरे ५ मध्ये आरामात बसतात. मेन स्ट्रीमवर असताना लिमिट लावली तर चित्र अडकायला लागेल आणि सरांचा पहिला फोन तुम्हालाच येईल.

सांगलीची_अकाउंटंट

पण सरांना सांगू कसं? नेट तुमच्यामुळं बसतंय असं तोंडावर म्हणायची माझी टाप नाही.

केबल_क्रिंपर

नेटचा विषयच काढू नका. कॅमेरे उघडायला वेळ लागतोय ना सर, सब-स्ट्रीम केली की पटकन उघडतील, एवढंच म्हणा. आणि ते खरंच आहे. झूम करून चेहरा बघायचा असेल तर तेवढा एक कॅमेरा मोठा करून मेन स्ट्रीमवर घ्यायचा, ५ मध्ये एक बसतो. डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग तसंही मेन स्ट्रीमचंच होत राहतं, त्याला काही धक्का नाही.