सल्ला बघायचा की सल्ला देणाऱ्याचं वागणं?

वाटसरू: 'लिव्हर किंग' म्हणून गाजलेला इन्फ्लुएन्सर कच्चं यकृत खा, आदिमानवासारखं जगा, असं सांगायचा. शरीर असं कमावलेलं की बघणाऱ्याला पटावंच. स्टेरॉइडबद्दल विचारलं की साफ इन्कार. त्याचे ईमेल फुटल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये त्याने व्हिडिओ करून स्टेरॉइड घेत असल्याचं कबूल केलं. तोवर सप्लिमेंटचा धंदा जोरात चालला होता. मला ही सरळ फसवणूक वाटते.

कातळ: खोटं बोलला, हे चूकच. पण सिगारेट ओढणारा डॉक्टर 'सिगारेट सोडा' म्हणाला, तर तो सल्ला चुकीचा होतो का? पुरेशी झोप घ्या, रोज चाला, हे कुणीही सांगितलं तरी बरोबरच. उलट स्वतःच्या सल्ल्याबरहुकूम वागणारा माणूसही साफ चुकीचा असू शकतो, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. लोक त्याची निष्ठा बघतात आणि सल्ला तपासायचा राहून जातो.

वाटसरू: डॉक्टर स्वतःची फुप्फुसं दाखवून औषध विकत नाही हो. इथे शरीर हीच जाहिरात आहे.

सांजवेळ: योव्हाना मेंडोझा आठवते? कच्च्या वीगन, म्हणजे मांस-मासे, अंडी, दूध पूर्ण वर्ज्य असलेल्या आहाराचा प्रचार करायची. २०१९ मध्ये दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओत तिच्या ताटात मासा दिसला आणि लोक तुटून पडले. मग तिने सांगितलं, पाळी बंद झाली होती, तब्येत बिघडली होती, म्हणून अंडी-मासे सुरू केले. तिने मासा खाल्ला याचा मला अजिबात राग नाही. पण शरीराला झेपत नाहीये हे कळलं तेव्हाच बोलली असती, तर तोच आहार घेणाऱ्या मुली वेळीच सावध झाल्या असत्या. तिच्या सगळ्या सांगण्यातली सर्वांत उपयोगी माहिती हीच होती, आणि नेमकी तीच तिने दडवली.

कातळ: बोलली असती तरी लोकांनी सोडलं नसतं. आहार बदलला की 'गद्दार' म्हणणारे प्रेक्षकच असं लपवायला भाग पाडतात.

आडवाट: प्रेक्षकांवर किती ढकलणार? ऑस्ट्रेलियाच्या बेल गिब्सनने मेंदूचा कॅन्सर आहार आणि पर्यायी उपचारांनी आटोक्यात ठेवल्याचं सांगून ॲप आणि पुस्तक विकलं. तिला कॅन्सर झालाच नव्हता. २०१७ मध्ये न्यायालयाने ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. अशा गोष्टींवर विसंबून कुणी उपचार लांबवले तर? 'माणूस सोडा, सल्ला बघा' हे तिच्या बाबतीत कसं लावणार? त्या सल्ल्याला तिच्या आजाराशिवाय आधारच नव्हता.

कातळ: गिब्सनचं मान्य. पण उद्या खरोखर बरी झालेली बाई तोच आहार सांगू लागली, तर ऐकाल? तिचं तर सगळं खरं असेल.

वाटसरू: नाही ऐकणार. पण 'बाई, सोबत औषधोपचार कोणते चालू होते?' एवढं तरी तिला विचारता येईल.