सेलिअ‍ॅक असलेल्या लेकीला घेऊन पुण्याहून अमृतसर-धरमशाला : खाण्याचं कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई असे अमृतसरला आणि तिथून धरमशालाला जाणार आहोत. लेकीला सेलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते. गहू, मैदा, रवा, जव काहीच चालत नाही. "एखादा घास खाल्ला तर काय होतंय" असं बरेच जण प्रेमाने म्हणतात, पण ग्लुटेन-फ्री लेबलची मर्यादाच किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, म्हणजे पोळीचा चुराही नको. घरी कोथरूडला सगळं नीट बसलंय. तवा, पोळपाट वेगळे, आणि गिरणीत गव्हावर ज्वारी दळली जाते म्हणून घरघंटी घेतली.

पहिली काळजी गाडीची. झेलम एक्सप्रेसने जालंधर कँटला उतरायचं, म्हणजे दोन रात्री गाडीत. आपला नेहमीचा खाऊ बराचसा बाद होतो. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीतही बहुतेकांकडे असतो. विकतचा चिवडा किंवा भडंग घ्यावं तर हिंग आडवा येतो, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. राजगिऱ्याचे आणि नाचणीचे लाडू, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याची चटणी एवढं ठरलंय. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, म्हणून दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या न्याव्यात असं वाटतं. पण मेच्या उकाड्यात त्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतील का? मराठवाडा-विदर्भातल्या कुणी नेल्या असतील तर पीठ दुधात भिजवता की दूध-पाण्यात, आणि कशात गुंडाळता, तेही सांगा. डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला किटली लावायला मनाई आहे, त्यामुळे गरम पाण्याची सोय थर्मासपुरतीच.

तिकडे पोचल्यावर राजमा-चावल बरं पडेल, पण त्यातही हिंगाचं विचारावंच लागणार. मक्याच्या रोटीत ती तुटू नये म्हणून कणीक घालतात, शिवाय तवा तोच. सासूबाईंनी सुचवलेलं मला पटलं: व्रताचं जेवण मागायचं, त्यात गहूही नसतो आणि हिंगही. पण नवरात्र नसताना ते मिळतं का? आणि तळण सामोशाच्याच कढईत होतं का? उत्तरेत सेलिअ‍ॅकचे रुग्ण आपल्यापेक्षा जास्त आढळतात, तेव्हा हे समजून करून देणारं एखादं ठिकाण असेलच अशी आशा आहे. धरमशालात स्वतः रांधता येईल अशी खोली मिळाली तर उत्तमच, आम्ही छोटा कुकर आणि पीठ बरोबर नेऊ.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतंय. सुवर्णमंदिरात कडा प्रसाद कणकेचा असतो. सगळे ओंजळ पुढे करतील आणि हिला मागे ओढायचं, हे मला जमणार नाही. प्रसाद नाकारल्यासारखंही व्हायला नको. तिने नुसता नमस्कार करावा आणि तिच्या वाटचा मी घ्यावा, हे तिथे चालतं का? सेवादारांना आधी सांगावं का? पंजाबात राहिलेल्यांनी कृपया लिहा.

हिंदीत "गेहूँ से एलर्जी है" एवढं सांगून स्वयंपाकघरातल्या माणसाला तवा, तेल, हिंग हे सगळं कळत नाही. कुणी कागदावर लिहून नेलं असेल तर तो मजकूर इथे द्या.

दशम्यांचं आधी कळलं तर बरं, घरी एकदा करून दोन दिवस ठेवून बघेन.